पेस्ट बदलली तरी प्रोसेसर पुन्हा तापतोय? आधी तो कसा तापतो ते बघा

लक्षणं ठरलेली असतात. संगणक सुरू केला की सगळं सुरळीत. मग गेम लावावा किंवा व्हिडिओ रेंडरला टाकावा, तर पंखे घोंगावायला लागतात, तापमान नव्वदीच्या पुढे जातं, वेग पडतो आणि एखाद्या वेळी मशीन पटकन बंदच पडतं. मग धूळ काढली जाते, प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा कूलर यांच्या मधली उष्णता पुढे नेणारी पेस्ट बदलली जाते. दोन-तीन महिने बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी वैतागून मोठा कूलर आणला जातो, आणि एवढं करून आकडा खाली येतो जेमतेम चार-पाच अंश.

ओळखीच्या लोकांची मशीनं मी बरीच वर्षं उघडतोय. ही तक्रार इतक्यांदा ऐकली आहे की आता पेस्टच्या ट्यूबला हात लावण्याआधी मी एकच गोष्ट करतो: तापमान चढताना बघत बसतो. ते किती अंशांवर गेलं यापेक्षा तिथे जायला किती वेळ लागला आणि काम थांबवल्यावर उतरायला किती लागला, यावरून दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा कळतं. कूलर बदलायचा का, आणि बदलायचा तर कोणता, हेही त्यावरूनच ठरतं. म्हणून कूलर निवडण्याचा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे.

उष्णता कुठून कुठे जाते

चिपमध्ये तयार झालेली उष्णता वरच्या धातूच्या झाकणात येते. तिथून पेस्टमधून कूलरच्या तळाला, तळातून हीटपाइप म्हणजे धातूच्या नळ्यांत, मग फिन म्हणजे त्यावरच्या पातळ पत्र्यांत, फिनमधून हवेत, आणि शेवटी ती गरम हवा कॅबिनेटच्या बाहेर. ही सगळी एकच वाट आहे आणि ती कुठेही अडू शकते. पण प्रत्येक टप्प्यावरचा अडथळा आपापल्या गतीने दिसतो.

चिप नखाएवढी असते. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेतल्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांत ज्या तुकड्यावर कोअर, म्हणजे प्रत्यक्ष गणना करणारे भाग, बसवलेले असतात तो ८० चौरस मिलिमीटरच्या आसपास भरतो. एवढ्याशा जागेत उष्णता साठून राहू शकत नाही, त्यामुळे लगेच पुढचा रस्ता अडला की तापमान सेकंदाभरात उडी मारतं. कूलर म्हणजे अर्धा ते एक किलो तांबं आणि ॲल्युमिनियम. तो पुरता तापायला काही मिनिटं जातात. कॅबिनेटमधली हवा, पत्रा, मदरबोर्ड हे सगळं तापून स्थिर व्हायला पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात. सेकंद, मिनिटं आणि पाव तास, अशा या तीन गती आहेत. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

चाचणी कशी घ्यायची

एचडब्ल्यूइन्फो हा तापमान वगैरे दाखवणारा प्रोग्रॅम लावा आणि फक्त सेन्सर दाखवायला सांगा. लिनक्सवर असाल तर एलएम-सेन्सर्स चालेल. चार गोष्टी डोळ्यांसमोर ठेवा: प्रोसेसरचं तापमान, तो खात असलेले वॅट, कोअरचा वेग आणि पंख्याचे आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे. वॅट बघायला लोक विसरतात आणि तिथेच फसतात. ८५ अंश हे ६५ वॅटला असतील तर काहीतरी बिघडलंय. तेच ८५ अंश २०० वॅटला असतील तर कूलर उत्तम काम करतोय.

खोलीचं तापमानही लिहून ठेवा. हवेने थंड होणारी कोणतीही वस्तू खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. कूलर खोलीच्या तापमानावर अमुक अंशांची भर घालतो एवढंच. २२ अंशांच्या खोलीत ७२ दाखवणारं मशीन ३५ अंशांच्या खोलीत ८५ दाखवेल आणि त्यात त्याचा काहीही दोष नसेल. ‘उन्हाळा आला की पुन्हा तापतो’ अशा तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटतात. दोन दिवसांच्या आकड्यांची तुलना करायची तर खोलीचं तापमान वजा करूनच करा.

मशीन पाच मिनिटं नुसतं बसू द्या. मग सिनेबेंच हा प्रोसेसरला कामाला लावणारा चाचणीचा प्रोग्रॅम सगळ्या कोअरवर लावा आणि दहा मिनिटं चालू ठेवा. पहिले पाच सेकंद नजर हलवू नका. नंतर दर मिनिटाला आकडा लिहा. चाचणी थांबवल्यावरही पहिले पाच सेकंद बघा. प्राइम९५ सारख्या प्रोग्रॅमने सुरुवात करू नका. तो रोजच्या कामापेक्षा फार जास्त ताण देतो आणि धडधाकट मशीनलाही आजारी ठरवतो.

पहिल्या सेकंदात उडी

लोड, म्हणजे कामाचा ताण, लावताच आकडा ४५ वरून थेट ९० च्या घरात आणि लोड काढताच दोन सेकंदांत परत साठीला, असं दिसलं तर दोष चिप आणि कूलरच्या तळाच्या मध्ये आहे. फिनला बोट लावून बघा, ते बहुधा कोमटच असतील. उष्णता तिथवर पोचलेलीच नसते. अशा वेळी पंखे वाढवून, कॅबिनेट बदलून काही होत नाही. मोठा कूलर आणून होतं, पण ते मोठेपणामुळे नाही, नव्याने नीट बसवल्यामुळे.

एक मशीन माझ्याकडे याच तक्रारीने तीनदा आलं. सोबत मिळालेला साधा कूलर होता, चार पुशपिनवाला. पहिल्या दोन वेळा मी पेस्ट बदलली, टेबलावर दहा मिनिटं चाचणी घेतली, आकडे चांगले आले आणि मशीन परत गेलं. तिसऱ्यांदा मात्र कूलर काढण्याआधी मदरबोर्डची मागची बाजू टॉर्च लावून बघितली. पुशपिनची रचना अशी असते: पांढरा चिरलेला पाय भोकातून पलीकडे जातो आणि मधली काळी कांडी आत शिरून त्याच्या दोन पाकळ्या फाकवते. तीन ठिकाणी पाकळ्या व्यवस्थित फाकलेल्या होत्या. चौथ्या ठिकाणी एका पाकळीला बारीक तडा गेला होता आणि पाय अर्धवट वर सरकला होता. कूलर उचलल्यावर पेस्टच्या ठशातही तेच दिसलं. तीन कोपऱ्यांत थर इतका पातळ की खालचा धातू चमकत होता. चौथ्या कोपऱ्यात करड्या पेस्टचा जाड पट्टा, त्यावर मी पसरताना उमटलेल्या रेघासुद्धा जशाच्या तशा. तिथे कूलर टेकलेलाच नव्हता.

टेबलावर मदरबोर्ड आडवा असताना कूलरच्या वजनाने तो कोपरा दाबला जात होता. कॅबिनेट उभं केलं की वजन खाली ओढत होतं आणि काही आठवड्यांत पिन सैल होत होती. पेस्ट बदलल्यावर दोन महिने का बरे जायचे आणि मग का बिघडायचं, हे त्या एका तड्याने समजलं. तेव्हापासून चाचणी मी नेहमी कॅबिनेट उभं ठेवूनच घेतो.

ठसा बघणं ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. कूलर काढल्यावर लगेच पुसू नका, आधी फोटो काढा. मधोमध पातळ आणि कडेला किंचित जाड, चारही बाजूंनी सारखं, असं असेल तर बैठक बरोबर. एका बाजूला जाड असेल तर दाब वाकडा. सगळीकडेच जाड असेल तर दाबच कमी, किंवा कूलरचं बैठकीचं किट चुकीचं. हे चुकीचं किट प्रकरण जुना कूलर नव्या मदरबोर्डवर नेताना फार होतं. इंटेलच्या एलजीए ११५६ ते १२०० या साध्या सॉकेटची (प्रोसेसर बसतो त्या जागेची) भोकं ७५ मिलिमीटर अंतरावर होती, एलजीए १७०० ला ती ७८ झाली आणि सॉकेटची उंचीही थोडी कमी झाली. जुन्या कंसात ओढूनताणून स्क्रू बसतात, पण तळ झाकणावर हवा तसा दाबला जात नाही. बहुतेक कूलर कंपन्या नव्या सॉकेटसाठी वेगळं किट देतात, ते मागवा. एलजीए १७०० मध्ये आणखी एक भानगड आहे. सॉकेटची कडी लांबट प्रोसेसरला मधल्या भागात दाबते, त्यामुळे झाकण किंचित वाकतं आणि मधे पोकळी राहते. त्यासाठी कडीऐवजी लावायची चौकट मिळते. तिने काही अंश कमी होतात, पण ती कसताना दाब कमी-जास्त झाला तर मेमरीच ओळखली जात नाही. हाताला सवय नसेल तर त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

आणि हो, नव्या कूलरच्या तळावर पारदर्शक प्लॅस्टिक असतं. ते न काढता बसवलेले कूलर मी पाहिले आहेत. उडी पहिल्याच दिवसापासून असेल तर हे आधी तपासा.

पुन्हा बसवताना

एएमडीच्या एएम४ सॉकेटवरचा रायझन असेल तर कूलर सरळ वर ओढू नका. त्या प्रोसेसरला खाली पिना असतात, आणि वाळलेली पेस्ट इतकी चिकटते की बंद कडीतूनही प्रोसेसर कूलरबरोबर उपटून येतो आणि पिना वाकतात. दहा मिनिटं लोड लावून पेस्ट गरम करा, मशीन बंद करून वायर काढा, स्क्रू सोडा आणि कूलर हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवत सुटा करा. तो मोकळा फिरायला लागला की मगच उचला.

जुनी पेस्ट ९० टक्क्यांच्या वरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि लिंट न सोडणाऱ्या कापडाने पुसा. नवी पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी. झाकण मोठं असेल तर फुलीच्या आकारात दोन रेघा. थोडी जास्त झाली तर कडेने बाहेर येते, त्याने सहसा नुकसान होत नाही. कमी पडली तर मात्र एखादा कोअर एकटाच दहा अंश जास्त तापतो. स्क्रू एकदम कसू नका. समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने दोन-दोन फेरे देत जा, म्हणजे तळ सपाट खाली येतो.

पेस्टच्या ब्रँडवर लोक तासन्‌तास वाद घालतात. तो आवेश बैठकीवर खर्च केला तर जास्त उपयोग होईल. हवेची उष्णतावाहकता ०.०२६ वॅट प्रति मीटर केल्विनच्या आसपास आणि तांब्याची ४०० च्या आसपास. पेस्ट या दोघांच्या मधली, बहुतेक ४ ते १२ च्या दरम्यान. तिचं काम एवढंच की दोन धातूंमधल्या खाचखळग्यांत हवा राहू नये. ती स्वतः चांगली वाहक नाही, म्हणून थर जितका पातळ तितका बरा. साध्या आणि महागड्या पेस्टमध्ये दोन-चार अंशांचा फरक पडतो. चुकलेल्या बैठकीने वीस अंशांचा पडतो.

दर काही महिन्यांनी पेस्टच बदलावी लागत असेल आणि बैठक शंभर टक्के बरोबर असेल, तर कारण पेस्टचं बाहेर ढकललं जाणं असू शकतं. तापताना धातू किंचित फुगतात, थंड होताना आकसतात, आणि प्रत्येक फेरीत पातळ पेस्ट थोडी थोडी कडेला सरकते. यावर घट्ट पेस्ट वापरणं हा एक उपाय. दुसरा म्हणजे हनीवेलच्या पीटीएम७९५० सारखी वितळणारी पट्टी. ती ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन पसरते, थंड झाल्यावर तिथेच थिजते आणि बाहेर सरकत नाही. बसवल्यावर दोन-चारदा चांगली तापवली की मगच तिचे खरे आकडे दिसतात. पेस्टऐवजी लावतात त्या द्रव धातूपासून घरच्या मशीनमध्ये लांब राहा असंच मी सांगेन. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खाऊन टाकतं, आणि थेंब मदरबोर्डवर ओघळला तर शॉर्ट होतो.

काही मिनिटांत हळूहळू चढ

उडी नाही, पण ६५, ७०, ७६, ८२ असा आकडा चढत चार-पाच मिनिटांत नव्वदीला टेकतो. आता फिनला हात लावा. चांगलेच गरम लागले तर उष्णता तिथवर येतेय पण हवेत जात नाही.

पंखा फिनवरून उतरवा. वरून स्वच्छ दिसणाऱ्या कूलरमध्ये पंखा आणि फिन यांच्या मधल्या बाजूला धुळीची गादी बसलेली असते. पंखा न काढता फुंकर मारली तर ती गादी फक्त आत ढकलली जाते आणि महिन्याभरात पुन्हा तुंबते. ‘सफाई केली तरी परत तापतो’ याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. ब्लोअर वापरताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेने तो भरमसाट वेगाने फिरला तर बेअरिंग जातं.

पंख्याची दिशा बघा. ज्या बाजूला मोटर धरणारे आडवे दांडे असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. टॉवर कूलरवरचा (फिनच्या उभ्या मनोऱ्यासारख्या कूलरवरचा) पंखा उलटा लावला तर तो मागच्या पंख्याशी भांडत बसतो. मी असं एक मशीन उघडलं होतं, त्यातले दोन्ही पंखे एकमेकांकडे तोंड करून होते आणि फिनमधली हवा जागच्या जागी कोंडली होती.

मग आरपीएम. तापमान ९० आणि पंखा ८०० वरच फिरतोय, तर दोष बायोसमधल्या, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या प्रोग्रॅममधल्या, फॅन सेटिंगचा आहे. बायोस अपडेट केलं की ही सेटिंगं बहुधा मूळ पदावर जातात, आणि मालकाला ते आठवतही नाही. चार पिनांचा पंखा असेल तर मोड पीडब्ल्यूएम ठेवा, तीन पिनांचा असेल तर डीसी. ६० अंशांपर्यंत पंखा निवांत, ७५ ला सत्तर टक्के, ८५ ला पूर्ण, एवढं ढोबळ पुरतं. उगाच कायम पूर्ण वेगावर ठेवू नका. वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो.

पाव तासानंतर, आणि फक्त गेममध्ये

सिनेबेंच दहा मिनिटं चालवून काहीच झालं नाही, पण तासभर गेम खेळलं की मशीन तापतं, असं असेल तर प्रोसेसरचा कूलर निर्दोष आहे. ग्राफिक्स कार्ड २००-३०० वॅट उष्णता कॅबिनेटमध्ये सोडतंय आणि कूलर तीच गरम हवा ओढतोय.

तपासणी सोपी आहे. तोच गेम चालू असताना कॅबिनेटची बाजूची झडप काढा आणि दहा मिनिटांनी आकडा बघा. पाच अंशांहून जास्त उतरला तर पैसे प्रोसेसरच्या कूलरवर घालू नका, कॅबिनेटच्या पंख्यांवर घाला. पुढून दोन पंखे आत ओढणारे आणि मागे एक बाहेर फेकणारा, ही साधी मांडणी बहुतेक घरांतल्या मशीनला पुरते. पुढची बाजू बंद काचेची असेल आणि हवा कडेच्या बारीक फटीतून येत असेल, तर तिथे कितीही चांगला पंखा लावा, तो उपाशीच राहतो. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात किंवा भिंतीला चिकटून ठेवलं असेल तर ते आधी बाहेर ओढा. झडप कायमची उघडी ठेवणं हा मात्र उपाय नाही. धूळ वाढते आणि हवेचा प्रवाहही विस्कटतो.

चढतच राहणारा आकडा: लिक्विड कूलर

लिक्विड कूलरची गती वेगळी असते, म्हणून तो वेगळा घेतोय. त्यात पंप पाणी फिरवतो आणि रेडिएटरमध्ये ते गार होतं. पाण्याला तापायला वेळ लागतो, त्यामुळे दहा मिनिटांची चाचणी त्याच्याबाबतीत फसवी. निदान अर्धा तास द्या.

पंप बंद पडला की तळाजवळचं थोडंसं पाणी तापतं आणि पुढे जातच नाही. आकडा मिनिटभर न थांबता सरळ चढत जातो, कुठेच स्थिर होत नाही. नळ्यांना हात लावून बघा. एक चांगलीच गरम, दुसरी गार आणि रेडिएटर थंडगार, म्हणजे पाणी फिरत नाही. बदलायच्या आधी पंपाची वायर कुठे जोडली आहे ते बघा. ती साध्या फॅनच्या जागी असेल तर मदरबोर्ड तिला पंखा समजून कमी तापमानाला वेग पाडतो. बहुतेक पंपांना पूर्ण आणि स्थिर व्होल्टेज लागतं.

खळखळ आवाज येत असेल तर पंपात हवा आहे. नळ्यांतून पाण्याचा अंश वर्षानुवर्षं बाहेर झिरपत असतो, त्याची जागा हवा घेते, आणि हवा सगळ्यांत उंच ठिकाणी जमते. ते उंच ठिकाण पंप असता कामा नये. रेडिएटर वर छताला लावा, किंवा पुढे लावायचा असेल तर त्याचा वरचा भाग पंपापेक्षा उंच ठेवा. रेडिएटर तळाला आणि पंप वर अशी मांडणी काही महिने बरी चालते आणि मग त्रास सुरू होतो.

दोष नसेलच तर?

कधी कधी सगळं नीट असतं आणि तरी आकडा ९५ असतो. इथे घाबरण्याआधी आपला प्रोसेसर कोणता ते बघा. रायझन ७००० मालिकेतले एक्स अक्षराचे प्रोसेसर सगळ्या कोअरवर लोड आला की ९५ अंशांपर्यंत जायचे म्हणूनच बनवलेले आहेत. गारवा मिळेल तेवढा वेग ते वाढवत नेतात. मोठा कूलर लावला तरी आकडा ९५ च राहतो आणि थोडा वेग वाढतो. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीतल्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे.

दुसरं म्हणजे वॅट. खोक्यावर ६५ वॅट लिहिलेला इंटेलचा कोअर आय७-१२७०० टर्बोमध्ये, म्हणजे तात्पुरत्या वाढीव वेगात, १८० वॅटपर्यंत जातो. आय९-१३९००के वर १२५ लिहिलेलं असतं, तो २५३ पर्यंत जातो. रायझन ९ ७९५०एक्स वर १७० असतं, तो २३० खातो. त्यातही कित्येक मदरबोर्ड ही मर्यादा परस्पर उठवून ठेवतात. बायोसमध्ये ४०९६ वॅट असा आकडा दिसला तर समजा की मर्यादा नाहीच. ती प्रोसेसरच्या मूळ आकड्यावर आणा. रायझनला बायोसमध्ये इको मोड असतो. त्याने वॅट बरेच कमी होतात, वेग मात्र त्या मानाने थोडाच पडतो. मी स्वतः रोजच्या कामाच्या मशीनवर हेच वापरतो आणि फरक जाणवत नाही.

खात्री करायची असेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० ऐवजी ९९ टक्के करा. सहसा टर्बो बंद होतो. तापमान एकदम वीस-तीस अंशांनी उतरलं आणि रोजचं काम तसंच चाललं, तर प्रश्न वॅटचा होता. चाचणी झाली की आकडा परत १०० करा.

आता कूलर निवडू

इथपर्यंत सगळं तपासून झालं, बैठक बरोबर, फिन स्वच्छ, हवा मोकळी, वॅट मर्यादेत, आणि तरी रोजच्या कामात वेग पडतोय, तर कूलर खरंच लहान आहे. आता घ्या. घेताना खोक्यावरचे वॅट नको, चाचणीत तुम्ही स्वतः वाचलेले वॅट धरा.

शंभर वॅटच्या आतल्या प्रोसेसरला चार हीटपाइप आणि एक १२० मिलिमीटर पंखा असलेला टॉवर कूलर पुरून उरतो. डीपकूलचा एके४०० किंवा कूलर मास्टरचा हायपर २१२ हे या वर्गातले ओळखीचे नमुने. हीटपाइपच्या आत कमी दाबाखाली थोडंसं पाणी असतं, ते शंभर अंशांच्या खूप आधीच वाफ होऊन गार टोकाकडे जातं आणि द्रव होऊन आतल्या सच्छिद्र थरातून परत झिरपतं. सोबत मिळणाऱ्या साध्या कूलरमध्ये बहुधा नुसता ॲल्युमिनियमचा गोळा असतो, त्यामुळे या एका बदलाने सगळ्यांत मोठा फरक पडतो. १०० ते २०० वॅटच्या मधे दोन टॉवरचा कूलर घ्या, थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० किंवा नॉक्टुआचा एनएच-डी१५ यांच्यासारखा. त्याच्याही पुढे, तासन्‌तास सगळे कोअर वापरणारं काम असेल, तर ३६० मिलिमीटर रेडिएटरचा लिक्विड कूलर विचारात घ्यावा. २४० चा लिक्विड आणि चांगला दोन टॉवरचा कूलर यांत निवड असेल तर मी डोळे झाकून टॉवर घेईन. त्यात बिघडण्यासारखा फक्त पंखा असतो, आणि तो पाच मिनिटांत बदलता येतो.

मागवण्याआधी टेप घेऊन बसा. टॉवर कूलर साधारण १५५ ते १६५ मिलिमीटर उंच असतात, आणि कॅबिनेटच्या माहितीत किती उंची चालते ते लिहिलेलं असतं. दोन-तीन मिलिमीटरच्या फरकाने झडप लागत नाही. मेमरीच्या पट्ट्यांवर उंच पंख असतील तर पुढचा पंखा वर सरकवावा लागतो, म्हणजे उंची आणखी वाढते. एएम४ चे बरेच कूलर एएम५ या त्यापुढच्या सॉकेटवर बसतात, पण एएम५ ची मागची पट्टी सॉकेटचाच भाग असल्याने ती काढता येत नाही. ज्या कूलरला स्वतःची मागची पट्टी लागते तो तिथे बसणार नाही.

नवा कूलर बसवून झाल्यावर तीच चाचणी पुन्हा घ्या: तोच सिनेबेंच, तीच दहा मिनिटं, कॅबिनेट उभं आणि झडप लावलेली. तारीख, खोलीचं तापमान, वॅट, पाचव्या सेकंदाचा आकडा आणि दहाव्या मिनिटाचा आकडा, हे पाच रकाने एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. तीन महिन्यांनी तक्रार आली की एक नवी ओळ भरायची. पाचव्या सेकंदाचा आकडा वाढला असेल तर बैठक किंवा पेस्ट, तो तसाच राहून दहाव्या मिनिटाचा वाढला असेल तर धूळ किंवा पंखा, वॅट वाढले असतील तर बायोस. तीन फेऱ्या मारलेल्या त्या मशीनमध्ये मी मागच्या पट्टीला स्क्रूने कसायचा छोटा टॉवर कूलर बसवला. त्याच्या कागदावर पाचव्या सेकंदाचा आकडा ९१ वरून ५८ वर आला. नंतरच्या दोन ओळींत तो ५८ आणि ५९ असाच आहे.